आठ पानांचे परीक्षण: वैमानिक शास्त्र, बेंगळुरू १९७४ आणि तांत्रिक लेखनाचे समकक्ष मूल्यमापन

तांत्रिक लेखनाच्या अभ्यासक्रमात आता बहुतेक ठिकाणी सहाध्यायी मूल्यमापन असते. विद्यार्थी आपापले अहवाल एकमेकांना देतात. शिक्षक एक तक्ता वाटतात: मांडणीला पाच गुण, भाषेला पाच, आकृत्यांना पाच, संदर्भांना पाच. अर्ध्या तासात तक्ते परत येतात आणि जवळजवळ प्रत्येकाला वीसपैकी सतरा मिळालेले असतात. ज्याला अठरा मिळाले त्याचा मित्र शेजारच्या बाकावर होता, एवढाच त्याचा अर्थ. शेरा बहुधा ‘छान प्रयत्न’ असा असतो.

असे मूल्यमापन निरुपयोगी आहे, असे विद्यार्थीच म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण त्यावरून समकक्ष मूल्यमापनच निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. समकक्ष म्हणजे त्याच कामातला माणूस. तो आपला वरिष्ठ नाही, पण जे काम आपण कागदावर उतरवले ते करून पाहण्याची कुवत त्याच्याकडे आहे. त्याच्याकडून गुण मागितले तर फारसे काही हाती येत नाही. त्याच्याकडून काय मागावे हे समजण्यासाठी या टिपणात आपण बेंगळुरूमध्ये झालेले एक जुने परीक्षण पाहू. ते छापून पन्नास वर्षे झाली. त्याचा विषय इतका वादग्रस्त आहे की परीक्षणाविषयी बोलणारे बहुतेक लोक विषयावरच थांबतात आणि परीक्षण वाचायचे राहून जाते. आपण उलट करू. मूळ ग्रंथाविषयी गरजेपुरते आणि परीक्षणाविषयी सविस्तर बोलू.

ग्रंथ

‘वैमानिक शास्त्र’ हा संस्कृत पद्यग्रंथ आहे. सुमारे तीन हजार श्लोक, आठ अध्याय. बेंगळुरूजवळच्या आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री (१८६६–१९४०) यांनी तो सांगितला आणि जी. वेंकटाचल शर्मा यांनी उतरवून घेतला. हे काम साधारण १९१८ ते १९२३ या काळात झाले. भरद्वाज ऋषींचे शास्त्र शास्त्रींना अंतःस्फूर्तीने प्राप्त झाले, असा त्यामागचा दावा आहे. १९२३ मध्ये टी. के. एल्लप्पा यांनी शास्त्रींच्या देखरेखीखाली विमानांच्या आकृत्या काढल्या. एल्लप्पा बेंगळुरूच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ड्राफ्ट्समन होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

ग्रंथ अनेक वर्षे वह्यांतच राहिला. १९५२ मध्ये म्हैसूरच्या जी. आर. जोसियर यांनी त्याच्याविषयी जाहीर केले. १९५९ मध्ये हिंदी आवृत्ती निघाली आणि १९७३ मध्ये जोसियर यांनी म्हैसूरहून संस्कृत मूळ, इंग्रजी भाषांतर आणि एल्लप्पांच्या आकृत्या यांसह पुस्तक छापले. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांची वर्णने त्यात तपशिलाने येतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. हा ग्रंथ स्वतःला काव्य किंवा पुराणकथा म्हणवत नाही. तो शास्त्रग्रंथ असल्याचे सांगतो. त्यात धातू आहेत, मापे आहेत, यंत्रांचे भाग आहेत, वैमानिकाला सूचना आहेत. म्हणजे तो तांत्रिक लेखन आहे. रामायणातल्या पुष्पक विमानाला ‘याचे वजन किती’ असे कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. पण जो मजकूर स्वतःहून माप सांगतो, त्याने मापाचा प्रश्न ओढवून घेतलेला असतो.

परीक्षण

पुस्तक निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी ‘सायंटिफिक ओपिनियन’ या नियतकालिकात त्याचे परीक्षण छापले. एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू आणि एस. पी. गोविंदराजू ही त्यांची नावे. ते वैमानिकी आणि यंत्र अभियांत्रिकी या विभागांतले होते. विज्ञान संस्थेत वैमानिकीचे शिक्षण १९४२ पासून चालू आहे, म्हणजे या विषयात देशात ज्यांना समकक्ष म्हणता येईल असे लोक याच शहरात होते. लेख अवघा आठ पानांचा आहे.

या लेखाची रचना पाहण्यासारखी आहे. लेखक थेट ‘हे विमान उडेल का’ या प्रश्नावर जात नाहीत. आधी ते विचारतात की हा मजकूर आला कुठून. शास्त्रींशी ज्यांचा संबंध आला त्यांचा माग ते काढतात. वह्या कोणी लिहिल्या, आकृत्या कोणी आणि केव्हा काढल्या, आवृत्त्या कशा निघाल्या, हे जुळवतात. भाषा तपासतात. श्लोक अनुष्टुभ छंदात आहेत आणि संस्कृत सोपे, अर्वाचीन वळणाचे आहे. वैदिक संस्कृताची लक्षणे त्यात नाहीत. या सगळ्यावरून ग्रंथ १९०४ च्या आधीचा म्हणता येत नाही, असा निष्कर्ष ते काढतात.

माझ्या मते हा या लेखाचा सर्वांत टिकाऊ भाग आहे, आणि नेमका तोच कमी वाचला जातो. यात विमानविद्या जवळजवळ नाहीच. कोणता कागद, कोणाच्या हातचा, केव्हाचा, हे प्रश्न कुठलाही चौकस वाचक विचारू शकतो. तुमच्या मित्राच्या प्रयोगवहीतही पहिला प्रश्न हाच असायला हवा: हे वाचन कोणी घेतले, कोणत्या दिवशी, कोणत्या उपकरणावर. उत्तर बरोबर आहे की चूक, हे नंतर.

मराठी वाचकाला या भागात एक ओळखीचे नावही भेटते. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, ही कथा महाराष्ट्रात अनेक पिढ्या सांगितली जाते. बेंगळुरूच्या परीक्षणात तळपदे येतात ते वेगळ्या संदर्भात: शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्यांपैकी एकही उडाली नाही. चौपाटीच्या कथेत विमान किती उंच गेले याचा आकडा असतो. तो कोणी मोजला आणि कशाने मोजला, हे नसते. तळपदे यांच्या धडपडीविषयी आदर ठेवूनही हा प्रश्न विचारता येतो.

इतिहासानंतर परीक्षक तंत्राकडे वळतात. उड्डाणाच्या तत्त्वांविषयी ग्रंथात जे आहे ते वरवरचे आणि बरेचसे चुकीचे आहे, काही ठिकाणी न्यूटनच्या गतिनियमांच्या विरुद्ध जाते, असे ते दाखवतात. विमानांचे आकार उडण्याला प्रतिकूल आहेत. पुढे ढकलण्याची म्हणून जी योजना सांगितली आहे ती मदत करण्याऐवजी अडथळा करील.

‘अडथळा करील’ हे विधान कसे तपासतात, ते विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हवेपेक्षा जड वस्तू हवेत राहायची तर तिने हवेला खाली ढकलले पाहिजे. पंखाने मिळणारे उत्थापन बल हे हवेची घनता, वेगाचा वर्ग आणि पंखाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराच्या निम्मे, गुणिले पंखाच्या आकारावर ठरणारा एक गुणांक, इतके असते. समजा, एक यान १००० किलोचे आहे, पंख ५० चौरस मीटरचा आहे आणि गुणांक १ आहे. जमिनीलगत हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलो. तर त्या यानाला निदान सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेग हवा. त्याहून हळू गेले तर ते जमीन सोडणार नाही. ही आकडेमोड माझी आहे, परीक्षणातली नाही. पण परीक्षकाची पद्धत यातून दिसते. वजन, क्षेत्रफळ आणि वेग यांपैकी दोन सांगितले की तिसरे काढता येते. मग ज्या यंत्राने तो वेग द्यायचा ते यंत्र तेवढे काम करू शकते का, हे पाहायचे. मजकुराने आकडे दिले तर तो तपासता येतो. दिले नाहीत तर तो कोणी बांधूही शकत नाही, मग लिहिणारा कितीही थोर असो.

मापांचा प्रश्न परीक्षकांनी स्वतंत्रपणे घेतला आहे. त्याचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने कळेल. जुन्या मापांत बारा अंगुळांची एक वितस्ति, म्हणजे आपली वीत, सुमारे नऊ इंच. भाषांतर करताना कोणी ती एक फूट धरली तर लांबी एकतृतीयांशाने वाढली. लांबी १.३३ पट झाली की क्षेत्रफळ १.७८ पट होते आणि घनफळ २.३७ पट. तीच सामग्री वापरली तर वजनही घनफळाच्याच पटीत वाढते. म्हणजे यानाचे वजन दुपटीहून अधिक झाले आणि त्याला उचलणारा पंख पावणेदोन पटच वाढला. एका शब्दाच्या भाषांतराने उडणारे यान न उडणारे होऊ शकते, किंवा उलट. म्हणून तांत्रिक मजकुराच्या परीक्षकाने एकक आधी पाहावे, मग आकडा. आपल्याकडे बहुतेक सहाध्यायी हे करत नाहीत. आकडा दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत असला की त्यांचे समाधान होते.

निर्णयाची मर्यादा

आता परीक्षणातले सर्वांत शिकण्यासारखे ठिकाण. परीक्षकांना आकृत्यांमध्ये आधुनिक यंत्रांची ओळख दिसली. एखादा उतावीळ टीकाकार म्हणाला असता: पाहा, ग्रंथ खोटा असल्याचा पुरावा सापडला. या पाच जणांनी तसे केले नाही. एल्लप्पा अभियांत्रिकी महाविद्यालयात कामाला होते, त्यामुळे यंत्रांची नावे आणि भाग त्यांना परिचयाचे असणार, हे त्यांनी नोंदवले. आकृत्या आणि श्लोक यांचा विषयाच्या पातळीवरही मेळ बसत नाही, हे दाखवले. आणि मग आकृत्या चर्चेतूनच बाजूला ठेवाव्यात असे म्हटले. आकृत्यांतली आधुनिकता श्लोकांच्या माथी मारली नाही. श्लोक जसे आहेत तसे अपुरे आहेत, संदिग्ध आहेत आणि अनेक ठिकाणी चूक आहेत, हा निर्णय त्यांनी वेगळा दिला.

आपल्याला मिळालेला सोयीचा पुरावा जिथे लागू होत नाही तिथे न वापरणे, हे परीक्षकाला सर्वांत कठीण जाते. शिवाय इथे मूळ लेखक उत्तर द्यायला हजर नव्हता. शास्त्रींना जाऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. वर्गात सहाध्यायी म्हणू शकतो, ‘अरे, तो तक्ता मी नाही, माझ्या जोडीदाराने केला.’ शास्त्रींसाठी ते परीक्षकांनाच म्हणावे लागले. दोषाची जबाबदारीही त्यांनी जपून टाकली आहे. हस्तलिखितांचा इतिहास लपवण्याचा किंवा त्याचा विपर्यास करण्याचा दोष त्यांनी प्रकाशनाशी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष संबंध असलेल्यांवर ठेवला आहे.

निर्णयाची व्याप्तीही आखलेली आहे. आजच्या ज्ञानाच्या आधारे, हवेपेक्षा जड यानांविषयी, या ग्रंथातल्या तपशिलांवरून, एवढेच ते बोलतात. प्राचीन भारतात विज्ञान नव्हते असे ते कुठेही म्हणत नाहीत. हा फरक पुढच्या काळात दोन्ही बाजूंनी विसरला गेला. लेखाच्या बाजूचे लोक त्याचा उपयोग परंपरेची टिंगल करण्यासाठी करू लागले, आणि विरोधकांनी परीक्षकांना परंपराद्वेष्टे ठरवले. पाचांपैकी एच. आर. नागेंद्र पुढे विज्ञान संस्थेतून बाहेर पडून विवेकानंद केंद्रात गेले, योगाच्या अध्यापन-संशोधनात आयुष्य घातले, बेंगळुरूजवळच्या विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाचे कुलपती झाले आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंपरेविषयी आस्था असलेला माणूस ग्रंथाचे गणित तपासू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

लेखात मला खटकते ते त्याच्या समारोपातील भाषा. विमाने म्हणजे फार तर ओढूनताणून रचलेल्या गोष्टी आहेत, त्यांचे आकार भयानक आहेत, अशा अर्थाची विशेषणे तिथे येतात. सात पाने संयम पाळल्यावर लेखकांचा धीर सुटला असावा. माणसे होती, समजू शकते. पण परिणाम असा झाला की वर्तमानपत्रांनी पुढे उचलली ती हीच वाक्ये. कालनिर्णयाची चिकट, कष्टाची पाने मागे राहिली आणि शिवीसारखे ऐकू येणारे वाक्य प्रसिद्ध झाले. विशेषण वाचून वाचकाला परीक्षकाचे मत कळते, पण ते मत कशावरून बनले हे तपासायची सोय त्यात नसते. तुम्ही मित्राच्या अहवालावर ‘अत्यंत गबाळे’ असे लिहिले तर तो रागावेल आणि काहीही बदलणार नाही. ‘तक्ता दोनमध्ये दाबाचे एकक नाही, त्यामुळे आलेख तीन मला पुन्हा काढता आला नाही’ असे लिहिले तर तोही रागावेल कदाचित, पण एकक घालील.

समकक्ष कोण?

वैमानिक शास्त्राच्या समर्थकांचा एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे. अभियंत्याला संस्कृत येत नाही, संस्कृत पंडिताला अभियांत्रिकी येत नाही. मग या ग्रंथाचा समकक्ष कोण? प्रश्न खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे असा ग्रंथ कोणीच तपासू नये, हा खरा नाही. पाच जणांनी काम वाटून घेण्याजोगे केले: इतिहास, भाषा, आकृत्या, भौतिकी, मापे. प्रत्येक तुकडा त्या तुकड्याच्या जाणकाराला वेगळा तपासता येतो. उद्या एखाद्या संस्कृतज्ञाला भाषेविषयीचे त्यांचे मत पटले नाही, तरी न्यूटनच्या नियमांविषयीचा भाग तसाच उभा राहतो.

बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तांत्रिक लेखक हा आज एक मोठा व्यवसाय आहे, आणि तिथेही ही वाटणी रोजच्या कामात दिसते. मॅन्युअल लिहून झाले की ते सहकारी लेखकाकडे जाते. तो पायऱ्यांचा क्रम, शब्दांचा एकसारखेपणा, वाचकाला कुठे अडेल हे पाहतो. मग ते ज्याने उत्पादन बनवले त्या अभियंत्याकडे जाते. तो वस्तुस्थिती पाहतो. चांगले संपादक याहून पुढे जाऊन मजकूर अशा माणसाला देतात ज्याला उत्पादन माहीतच नाही, आणि त्याला त्या पायऱ्या प्रत्यक्ष करायला लावतात. तो जिथे थांबतो तिथे मजकूर चुकलेला असतो. त्याला ‘कसे वाटले’ असे विचारायची गरज पडत नाही. आपल्या वर्गातल्या तक्त्यात ‘भाषेला पाच गुण’ हे खाते जिथे आहे तिथे ‘मी ही कृती करून पाहिली, पायरी क्रमांक अमुकपाशी थांबलो’ अशी एक रिकामी ओळ ठेवली, तर त्या अर्ध्या तासाचे रूपच बदलेल.

परीक्षणानंतर

हे परीक्षण छापल्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात १०२ वी इंडियन सायन्स काँग्रेस भरली. तिच्यात ‘संस्कृतातून प्राचीन विज्ञान’ अशा विषयावर एक सत्र होते. ४ जानेवारीला त्या सत्रात वैमानिक प्रशिक्षण केंद्राचे निवृत्त प्राचार्य कॅप्टन आनंद बोडस आणि अमेय जाधव यांनी प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध सादर केला. आधार होता वैमानिक शास्त्राचा. सत्रापूर्वीच अमेरिकेतील एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने ते रद्द करावे म्हणून ऑनलाइन याचिका केली होती. सत्र झाले. देशभर गदारोळ झाला, वाहिन्यांवर चर्चा झाल्या, आणि १९७४ चा लेख एकाएकी पुन्हा लोकांच्या हाती आला.

या प्रसंगाविषयी दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक, असा निबंध सादर होऊ देणे ही लाज आहे. दोन, तो थांबवणे ही गळचेपी आहे. तांत्रिक लेखनाच्या विद्यार्थ्याने तिसरा प्रश्न विचारावा: निबंध स्वीकारताना ज्यांनी तो पाहिला त्यांनी त्याच ग्रंथावरचे छापील परीक्षण लेखकांपुढे ठेवले होते का? ‘आपण ज्या ग्रंथाचा आधार घेत आहात त्याविषयी विज्ञान संस्थेतील पाच जणांनी अमुक आक्षेप घेतले आहेत, त्यांना आपले उत्तर काय?’ एवढे एक पत्र पुरे होते. उत्तर असते तर निबंध श्रीमंत झाला असता. नसते तर लेखकांनाच कळले असते. मंच नाकारण्याची गरजच पडली नसती.

यात १९७४ च्या लेखाचाही एक दुबळेपणा उघड होतो, जो त्याच्या लेखकांच्या हातात फारसा नव्हता. ‘सायंटिफिक ओपिनियन’ हे घराघरांत पोचणारे नियतकालिक नव्हते. जोसियर यांचे सचित्र पुस्तक मात्र पुन्हापुन्हा हाताळले गेले, त्याच्या आकृत्या मासिकांतून आणि पुढे संगणकाच्या पडद्यावरून फिरल्या. परीक्षण इंग्रजीत होते आणि मराठीत, कन्नडमध्ये किंवा हिंदीत ते पोचले नाही. तळपदे यांची कथा मात्र मराठीत शाळेपासून ऐकायला मिळते. मूळ मजकूर ज्या भाषांतून फिरतो त्या भाषांत त्याचे परीक्षण नसेल, तर वाचकाच्या दृष्टीने ते झालेच नाही.

२०१९ च्या जालंधर अधिवेशनातही पौराणिक दाव्यांवरून असाच वाद झाला. तेव्हा वक्त्यांची भाषणे आधी पाहून घेऊ, त्यांच्याकडून हमीपत्र घेऊ, असे संघटनेने जाहीर केले. पुढचे अधिवेशन जानेवारी २०२० मध्ये बेंगळुरूच्याच कृषी विज्ञान विद्यापीठाच्या परिसरात भरले. हमीपत्राविषयी मी साशंक आहे. हमीपत्रात वक्ता आपण वावगे बोलणार नाही असे लिहून देतो. त्यात त्याच्या मजकुराचे परीक्षण कोणी केलेले नसते. वर्गातही ‘हा अहवाल माझा स्वतःचा आहे’ असे पहिल्या पानावर सही करून देतात आणि आतल्या आकड्यांकडे कोणी बघत नाही.

स्वाध्याय

१९७४ चे परीक्षण आंतरजालावर वाचायला मिळते. ते मिळवा आणि दोघांनी मिळून वाचा. वाचताना प्रत्येक आक्षेपापुढे लिहा: हा तपासायला मला संस्कृत लागेल, भौतिकी लागेल, की फक्त तारखा लागतील? समारोपातली विशेषणे पेन्सिलीने खोडा आणि मजकुरातून काय कमी झाले ते पाहा. त्यानंतर गेल्या सत्रातला आपल्या जोडीदाराचा एखादा अहवाल घ्या. गुण देऊ नका. त्यातली एक कृती किंवा एक आकडेमोड केवळ त्याच्या लिखाणावरून पुन्हा करून पाहा, त्याला काहीही न विचारता. जिथे थांबलात तिथल्या वाक्याखाली रेघ ओढा आणि का थांबलात ते दोन ओळींत लिहून वही त्याला परत द्या. त्याचे उत्तर लेखी घ्या. ते पुढच्या तासाला लागेल.